भाऊबंदकीतून निघालेलं औषध

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीपट्ट्यात कंद लावण्याआधी तो तासून औषधाच्या पाण्यात बुडवायचा, ही ओळखीची रीत. हे पाणी आता नेहमी रासायनिक बुरशीनाशकाचंच असतं असं नाही. सुडोमोनास, बॅसिलस या जिवाणूंचं द्रावणही वापरलं जातं. ऊतिसंवर्धित रोपं असली, तर आळवणी.

या जिवाणू-बुडवणीचं कूळ मात्र केळीच्या नव्हे, पीचच्या बागेत सापडतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात पीच आणि बदामाच्या मुळांवर, खोडाच्या बुडाशी गाठी येत. ॲडलेडच्या वेट संशोधन संस्थेत ॲलन केर आणि त्यांचे सहकारी त्यामागचा जिवाणू तपासत होते. त्याच मातीत त्याचे निरुपद्रवी भाऊबंदही होते, आणि जिथे त्यांची संख्या जास्त तिथे गाठी कमी. त्यांतला ‘के-८४’ केर यांनी निवडला. १९७३पासून तिथले बागायतदार लागवडीचं साहित्य त्याच्या द्रावणात बुडवू लागले.

त्याची मारण्याची तऱ्हा भन्नाट आहे. रोगकारक जिवाणू झाडाला वेठीला धरून स्वतःपुरतं खास अन्न तयार करून घेतो आणि ते आत ओढायला ठरावीक वाट ठेवतो. के-८४चं विष नेमकं त्याच वाटेनं आत शिरतं. हावरटपणाच त्याला भोवतो! पुढे या विषाला दाद न देण्याचा के-८४चा गुण रोगकारकाकडे जाईल, अशी धास्ती वाटू लागली. म्हणून तो गुण दुसऱ्याला देता न येणारा सुधारित ‘के-१०२६’ १९८९मध्ये ऑस्ट्रेलियात विक्रीला आला. आधीच आलेल्या गाठीवर मात्र दोघांचाही इलाज चालत नाही.

सुडोमोनासची शाखा वेगळी. मातीतलं लोह बांधून ठेवून तो प्रतिस्पर्ध्यांची उपासमार करतो, हे क्लोपर आणि सहकाऱ्यांनी १९८०मध्ये कॅलिफोर्नियातून मांडलं. आपल्याकडे कोईमतूरच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात तो शंखजिऱ्याच्या भुकटीत टिकवला. केळीच्या मर रोगासाठी कॅप्सूलमधून थेट कंदात घालूनही पाहिला. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे उपयोगी बुरश्या आणि जिवाणूंचं मिश्रण शेतकऱ्यांत रुळलं, तेही प्रामुख्याने हळद-आल्याच्या कंदकुजीमुळे. नांदेड-हिंगोलीत हळद आणि केळी एकमेकींच्या शेजारीच असतात, त्यामुळे कंदाला जिवाणू लावण्याचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

केळीवरच्या करप्याची गोष्ट निराळी. तो पानावरचा रोग. तिथे ऊन आणि पाऊस जिवाणूंना फार टिकू देत नाहीत. म्हणून करपलेली पानं कापून बागेबाहेर नेणं आणि बुरशीनाशकाची फवारणी, ही दोन्ही कामं अजून सुटलेली नाहीत.