न दिसणारं कुंपण

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात हिरवळीच्या कडेनं रांगेत रोवलेल्या छोट्या पांढऱ्या झेंड्या दिसल्या, तर समजावं की त्या घरात नवा कुत्रा आला आहे आणि त्याचं शिक्षण सुरू आहे. झेंड्यांच्या खाली, जमिनीत काही इंचांवर, एक तार पुरलेली असते. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात बॅटरीवर चालणारा छोटा रिसीव्हर, आणि त्या रिसीव्हरची धातूची दोन बोथट टोकं केसांतून थेट कातडीला टेकलेली. कुत्रा तारेच्या जवळ गेला की पट्ट्यातून आधी 'बीप' असा आवाज येतो. तरीही तो पुढे गेला तर मानेला विजेचा झटका बसतो. साधारण दोन आठवडे मालक त्याला दोरीनं धरून झेंड्यांपर्यंत नेतो, आवाज ऐकवतो आणि मागे ओढतो. मग झेंड्या एकेक करून काढून टाकतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं ते फक्त मोकळं अंगण, आणि त्यात एका ठरावीक जागी येऊन थबकणारा कुत्रा.

कुंपणाचा इतिहास बहुतेक वेळा जमिनीच्या मालकीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या कुंपणाची गोष्ट मात्र कुंपण नको म्हणणाऱ्यांपासून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शहराबाहेर घर बांधून राहणारा सुखवस्तू वर्ग तयार होत होता. या घरांभोवती काय असावं, यावर फ्रँक जे. स्कॉट या लेखकानं १८७० मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की आपल्या बागेचं सौंदर्य उंच कुंपण घालून शेजाऱ्यापासून लपवणं हे शेजारधर्माला सोडून आहे. एवढंच नव्हे, ते ख्रिस्ती माणसाला शोभणारंही नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यानं त्याच सुमारास शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाच्या वसाहतीचा आराखडा केला. त्यालाही घरांपुढच्या उंच भिंती पसंत नव्हत्या. घरं रस्त्यापासून मागे, पुढे हिरवळ, आणि एकाची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीत मिसळलेली. इंग्लंडमधल्या सरदारांच्या भिंतीबंद बागांना हे लोकशाही उत्तर आहे, असा त्यामागे अभिमान होता.

हा अभिमान सामान्य माणसापर्यंत पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ मध्ये लेव्हिटटाउन उभं राहू लागलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी, कारखान्यात मोटारी जोडाव्यात तशी एकासारखी एक घरं. काही वर्षांत सतरा हजारांहून अधिक झाली. तिथल्या नियमांत हिरवळ वेळेवर कापण्याची सक्ती होती आणि कुंपण घालण्याला मनाई होती.

त्याच वसाहतीच्या सुरुवातीच्या करारनाम्यांत आणखी एक कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही हे घर वापरता किंवा राहण्यासाठी घेता येणार नाही. अपवाद फक्त नोकरांचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये असे वंशभेदी करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. कलम गेलं, प्रथा राहिली. लेव्हिटनंच पेन्सिल्व्हेनियात उभारलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा त्यांच्या घरासमोर अनेक दिवस जमाव जमत राहिला आणि दगड फेकले गेले. म्हणजे ज्या वसाहतीत एकही कुंपण दिसत नव्हतं, तिथं सर्वांत पक्कं कुंपण कागदात पुरलेलं होतं. भाड्याच्या घरासाठी वणवण केलेल्या वाचकाला ही पद्धत फारशी नवी वाटणार नाही. कुत्र्यांचा इतिहास सांगताना मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण मोकळ्या दिसणाऱ्या जागेची किंमत कुणीतरी देत असतो, हे इथं पहिल्यांदा लक्षात येतं.

आता कुत्र्यांकडे. उपनगरं वाढली तशा मोटारी वाढल्या. पूर्वी मोकळे हिंडणारे पाळीव कुत्रे चाकाखाली येऊ लागले. गावोगावच्या नगरपालिकांनी कुत्रा दोरीशिवाय बाहेर सोडायला बंदी घातली. मालक कात्रीत सापडला. कुत्रा सोडता येत नाही, आणि अनेक वसाहतींत कुंपणही घालता येत नाही. घालता आलं तरी शेजारी नाक मुरडतात. साखळीनं बांधून ठेवावं तर पाहवत नाही. या अडचणीवर तोडगा काढला रिचर्ड पेक या फिरत्या विक्रेत्यानं. धंद्यानिमित्त रस्त्यांवरून जाताना त्याला मेलेले कुत्रे दिसत, आणि त्यातूनच ही कल्पना त्याच्या डोक्यात आली, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. १९७३ मध्ये त्याला या यंत्रणेचं पेटंट मिळालं. कंपनीचं नावच त्यानं 'इन्व्हिजिबल फेन्स', म्हणजे न दिसणारं कुंपण, असं ठेवलं. पुढे हा धंदा जॉन पर्टेल याच्या हाती गेला. १९९० मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही उतरल्या आणि मालकानं स्वतः पुरायचे संच दुकानांत खोक्यातून मिळू लागले.

पेकची युक्ती समजून घ्यायची तर आधी आपल्याकडचं झटका मशीन आठवावं. (हे नाव ऐकून आमच्या काही वाचकांना खाटकाचं दुकान आठवेल, इथं तो प्रश्न नाही.) रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि तिच्यात या यंत्रातून वीज ठरावीक अंतरानं, अगदी क्षणभर सोडतात. त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. विदर्भात काही ठिकाणी तारेत घरगुती वीज थेट सोडतात आणि त्यात वाघ मरतात, माणसंही मरतात. तो झटका मशीनचा दोष नव्हे, ते न वापरल्याचा परिणाम आहे. या प्रकारच्या कुंपणाचा धंदा मोठ्या प्रमाणावर उभा केला तो न्यूझीलंडच्या बिल गॅलघर यानं, १९३० च्या दशकात. त्याचा घोडा मोटारीला अंग घासायचा, म्हणून त्यानं मोटारीलाच वीज जोडली, अशी त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्याही आधी १८७४ मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं होतं. दगडी भिंत जनावराला ताकदीनं अडवते, काटेरी तार वेदनेनं, विजेची तार वेदनेच्या आठवणीनं. पण या तिन्ही गोष्टी जनावराला दिसतात. वीज तारेत असते. तारेपासून दूर राहिलं की जनावर मोकळं.

पेकनं वीज तारेतून काढून जनावराच्या गळ्यात घातली. जमिनीतल्या तारेत झटका नसतोच. घरातल्या ट्रान्समीटरमधून तिच्यात कमी वारंवारितेचा रेडिओ संकेत सोडलेला असतो, आणि तो ओळखून झटका देण्याचं काम पट्टा करतो. तार पूर्ण वेढा घेऊन पुन्हा ट्रान्समीटरपाशी आली पाहिजे, कुठं तुटली तर सगळंच बंद. यातला एक बारकावा मला फार आवडतो. वेढ्यापासून घरापर्यंत येणाऱ्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन पुरतात. दोन्हींतले प्रवाह उलट दिशेचे असल्यानं त्यांचे संकेत एकमेकांना खोडतात, आणि तेवढ्या पट्ट्यावरून कुत्रा निर्धास्त ये-जा करतो. त्याच दोन तारा सुट्या पुरल्या तर अंगणाच्या मधोमध नवी हद्द तयार होईल.

'हद्द' हा शब्द मराठीत अरबीतून आला. अरबीत 'हद' म्हणजे कडा, सीमा, आणि तलवारीची धारसुद्धा. लोखंडाला 'हदीद' म्हणतात तेही त्याच मूळ अक्षरांवरून. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, सीमेचा आणि धारेचा संबंध काय? पट्ट्याची ती दोन टोकं दाखवता आली तर उत्तर सोपं होईल.

कुत्रा हे शिकतो कसा, याचं उत्तर पेकच्या आधीच प्रयोगशाळेत मिळालेलं होतं. हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन आणि लिमन विन यांनी १९५३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन कप्प्यांची पेटी, मध्ये कुत्र्याच्या पाठीइतका अडसर. उजेडाचा इशारा होई आणि दहा सेकंदांनी जमिनीतून झटका येई. काही खेपांत कुत्रे इशारा होताच पलीकडे उडी मारायला शिकले. मग संशोधकांनी झटका कायमचा बंद केला. कुत्रे उडी मारतच राहिले, शेकडो वेळा. झटका बंद झाला आहे हे कळण्यासाठी एकदा तरी उडी न मारता थांबायला हवं होतं, आणि तेवढंच त्यांच्यानं होत नव्हतं. पट्ट्याची बॅटरी संपली तरी अनेक कुत्रे महिनोन्महिने अंगणाबाहेर पाऊल टाकत नाहीत, त्याचं कारण हेच. मराठीत आपण सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतो आणि उर्दूत मुल्लाची धाव मशिदीपर्यंत. पण सरड्याला निदान कुंपण दिसतं.

या प्रयोगांची पुढची पायरी अधिक कडवट आहे. १९६७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवलं, की टाळता येणार नाहीत असे झटके ज्या कुत्र्यांना आधी बसले होते, त्यांतले बरेच पुढे सुटायचा मार्ग असतानाही जागेवर पडून राहिले. म्हणून या कुंपणात झेंड्यांचे ते दोन आठवडे महत्त्वाचे. घाईत शिक्षण न देता पट्टा चढवलेल्या कुत्र्याला झटका कुठून आला हे कळतच नाही. मग तो घराच्या पायरीवरून उतरायलाच घाबरतो.

आणि ज्याला कळतं, तोही चुकीचं कारण जोडू शकतो. रस्त्यावरून एखादं मूल जातं, कुत्रा शेपटी हलवत धावतो, झटका बसतो. त्याच्या लेखी झटका कुणी दिला? तारेनं की मुलानं? रिचर्ड पोल्स्की या वर्तनतज्ज्ञानं २००० मध्ये अशा कुंपणातल्या कुत्र्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांची काही प्रकरणं मांडून हाच प्रश्न विचारला होता. मात्र ओहायोतल्या पशुवैद्यक संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालकांच्या पाहणीत चावण्याच्या बाबतीत कुंपणाच्या प्रकारानुसार फरक आढळला नाही. फरक आढळला तो पळून जाण्यात. विजेच्या कुंपणातले ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी निसटले होते, खऱ्या कुंपणातले सुमारे २३ टक्के. ज्या सुरक्षिततेसाठी हे विकलं जातं, तिथंच ते कमी पडतं. समोरून खार पळाली की कुत्रा आवेशात एक झटका सोसून बाहेर जातो. परत येताना आवेश ओसरलेला असतो, आणि तोच झटका त्याला स्वतःच्या घराबाहेर ठेवतो. शिवाय हे कुंपण बाहेरच्याला अडवत नाही. दुसरा कुत्रा खुशाल आत येतो आणि आतल्याला पळायला जागा नसते.

तरी या वस्तूला सरसकट क्रूर म्हणणं मला पटत नाही. रस्त्यावर चिरडला गेलेला कुत्रा ही पेकच्या काळातली कल्पित गोष्ट नव्हती. नीट शिकवलेला कुत्रा वर्षभरात एखादाही झटका न खाता दिवसभर अंगणात बागडतो, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्यापेक्षा त्याचं आयुष्य नक्कीच बरं. माझा आक्षेप त्या पहिल्या निवडीला आहे. लाकडी कुंपण घालता येत होतं. त्यानं कुत्राही सांभाळला असता आणि बाहेरच्यालाही अडवलं असतं. फक्त ते दिसलं असतं.

वेल्सच्या सरकारनं २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांना शॉक देणारे सगळे पट्टे बंद केले, कुंपणाचे पट्टेही. उत्पादक न्यायालयात गेले आणि हरले. इंग्लंडमध्येही २०१८ मध्ये बंदीची घोषणा झाली, पण कुंपण वापरणाऱ्यांनी, विशेषतः मांजरं पाळणाऱ्यांनी, विरोध केला. रस्त्यापासून मांजराला दुसरं काय वाचवणार, हा त्यांचा प्रश्न होता. २०२३ मध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यात हातातल्या रिमोटनं झटका देणारे पट्टे बंद होणार होते, कुंपणाचे नव्हेत. तेही नियम शेवटी अमलात आले नाहीत.

दरम्यान तारही गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या संशोधकांनी रेडिओ लहरींवर झटका देणारे पट्टे शेळ्यांच्या गळ्यात घालून पाहिले होते. आता नॉर्वेतली नोफेन्स ही कंपनी शेळ्या-मेंढ्या आणि गाईंसाठी उपग्रहावरून जागा ओळखणारे पट्टे विकते. मालक फोनवरच्या नकाशात बोटानं रेषा काढतो. शेळी रेषेजवळ आली की पट्ट्यातून सूर वाजू लागतो, वर चढत जातो, आणि ती वळली नाही तर झटका. कुरण बदलायचं असेल तेव्हा घरी बसल्या रेषा सरकवायची.