श्वासावरची नजर

मास्कवाटे दाबाची हवा देणाऱ्या, घरी वापरायच्या बऱ्याच सीपॅप-बायपॅप यंत्रांत आता मोडेम असतो. रुग्ण रात्री किती तास मास्क लावून झोपला, हवेची गळती किती झाली, श्वास किती वेळा अडला, हे सकाळी दूरच्या डॉक्टरांना दिसू शकतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटर. चार पावलांत धाप लागणाऱ्या माणसाचा एवढा प्रवास वाचला, तर ते फार मोलाचं आहे.

या यंत्रांचा इतिहास बहुतेकदा मोटारी आणि नळ्यांचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात रुग्णावर लक्ष ठेवणारा माणूस शोधावासा वाटतो.

१९२८ मध्ये बोस्टनला फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांच्या श्वास चालवणाऱ्या लोखंडी पेटीत पोलिओ झालेली आठ वर्षांची मुलगी ठेवली गेली. डोकं तेवढं बाहेर. १९५२ मध्ये कोपनहेगनात पोलिओची साथ आली, तेव्हा अशा पेट्या अपुऱ्या पडल्या. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि त्यांनी रबरी पिशवी हाताने दाबून फुफ्फुसांत हवा भरली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. हवा देणारा हात आणि चेहऱ्याकडे पाहणारे डोळे एकाच माणसाचे होते. नळीत कफ साचला तर पिशवी जड लागे. ते आधी बोटांना कळे. पुढे हाताचं काम यंत्राने घेतलं, डोळ्यांचं मात्र माणसाकडेच राहिलं.

पण ऑक्सिजन कमी पडून ओठ-नखं डोळ्यांना निळी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी प्रकाश आणि नाडीच्या ठोक्यांच्या साहाय्याने रक्तातला ऑक्सिजन मोजायची युक्ती मांडली. त्यातून पल्स ऑक्सिमीटर आला. काळ्यासावळ्या त्वचेवर तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे आपल्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी कायम ध्यानात ठेवायला हवं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा देणारं सीपॅप मांडलं आणि झोपेतल्या श्वासाचा उपचार घरच्या खाटेपर्यंत येऊ लागला. आधी यंत्रातलं कार्ड काढून दवाखान्यात न्यावं लागे. नंतर मोडेमने ती खेप वाचवली.

यवतमाळ जिल्ह्याला श्वासाची किंमत वेगळ्या वाटेने कळली. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेले शेतकरी-शेतमजूर शेकड्यांनी रुग्णालयात आले. वीसच्या आसपास माणसं दगावली. फवारणीत वापरली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं श्वासाचे स्नायूच लुळे पाडतात. मग व्हेंटिलेटरशिवाय इलाज नसतो. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन राज्यभर घरोघरी फिरले. दुरून देखरेखीची आपल्याकडची खरी पूर्वज ही मोहीम आहे, असं मी मानतो. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीसोबत घर पाहिलेलं माणूस होतं.

मोडेम घर पाहत नाही. रात्री लाइन गेली की बॅटरीवर नसलेलं यंत्र बंद पडतं आणि अहवालात वापराचे तास घसरतात. मास्कने नाक सोललं म्हणून रुग्णाने तो काढून ठेवला, तरी तसेच घसरतात. खरं कारण कळावं म्हणून तो अहवाल उघडणाऱ्याच्या कामात गावच्या आशाताईला फोन करणंही धरलं पाहिजे, आणि त्या फेरीचा वेगळा मोबदला तिला मिळाला पाहिजे.