दुसरी मोडी : मराठी संकेतस्थळांच्या बदलत्या घडणीचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. आज मोबाइलवर हे नाव मराठीत लिहिताच लखुजीराव जाधवांच्या वाड्याची आणि समाधीची माहिती क्षणात समोर येते. इ.स. २००० च्या सुमारास मात्र हेच नाव एखाद्या मराठी संकेतस्थळावर ठळक अक्षरांत असले, तरी मराठीत शोधणाऱ्याला ते बहुधा सापडत नसे. असे का होते?

२/ भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्या काळच्या घरगुती संगणकांना देवनागरी अवगत नव्हती. म्हणून एक युक्ती योजली गेली. फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवण्यात आले. पडद्यावर ‘लोणार’ दिसे; संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची निरर्थक रांग असे.

३/ प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. तो फॉन्ट जवळ नसेल, तर वाचकापुढे केवळ अगम्य चिन्हे येत. म्हणून ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना मुखपृष्ठावर झळके. १९९७ च्या सुमारास नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय केली; पण एकाची पद्धत दुसऱ्याला चालत नसे.

४/ इतिहासाच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे. शतकानुशतके मराठी कारभार मोडी लिपीत चालला. छपाई बाळबोध लिपीत स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. दप्तरे उरली, वाचणारे विरळ झाले. जुन्या फॉन्टमधील संकेतस्थळे ही जणू दुसरी मोडीच. फरक एवढाच, की पहिलीला विस्मरणात जायला पिढ्या लागल्या, दुसरीला जेमतेम दहा-पंधरा वर्षे.

५/ उपाय युनिकोडने दिला. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. देवनागरी त्यात १९९१ पासूनच होती. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा फॉन्ट आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आता मराठी मजकूर केवळ दिसत नव्हता, तो शोधता येत होता. पुढे २०१४ मध्ये खुद्द मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

६/ मग पडदा लहान झाला. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्यानुसार आकार बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. २०१६ मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा गावोगाव पोहोचला. सरकत्या ओळी, भेट देणाऱ्यांचे आकडे, तीन-तीन रकाने मागे पडले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मेहकर वा चिखलीच्या शेतकऱ्यासाठी संकेतस्थळाची रचना हा आता सौंदर्याचा प्रश्न उरला नाही. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीत वरची वेलांटी वा खालचा उकार कापला गेला, तर नावच बदलते.

७/ आजचा कल चित्रांकडे आणि चलचित्रांकडे आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ती वार्ता छायाचित्रांतूनच जगभर गेली. पण सूचना, परिपत्रके, स्थानिक इतिहासही आता अनेकदा चित्ररूपातच फिरतात. यंत्रे चित्रांतील अक्षरे ओळखू लागली असली, तरी धूसर छायाप्रतीतील जोडाक्षरांपाशी ती अडखळतात. म्हणजे शोधता येणारा मजकूर पुन्हा न शोधता येणाऱ्या रूपात जात आहे.

८/ नावांचेही तसेच. ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ ही दोन्ही रूपे प्रचलित आहेत. माणसाला ते एकच गाव. अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला दोन. संकेतस्थळ घडवताना ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवावी लागतात.

९/ कागद वाळवीने जातो, संकेतस्थळ फॅशनने. आजची पाने उद्याच्या इतिहासकाराची साधने आहेत. ती देखणी असावीत. पण त्याआधी ती वाचता यावीत, शोधता यावीत आणि जतन करता यावीत. नाहीतर पन्नास वर्षांनी या काळाच्या अभ्यासकालाही मोडीवाचकासारखा जाणकार शोधत फिरावे लागेल.