वैद्यकीय व आरोग्यविज्ञान शिक्षण (नाटे परिसर)

बारावीनंतर वैद्यक, शुश्रूषा, औषधनिर्माण आणि त्यांना जोडून येणाऱ्या आरोग्यशाखांत जाण्याचे मार्ग. ही नोंद नाटे (ता. राजापूर, जि. रत्नागिरी) आणि राजापूर खाडीकाठच्या गावांतील विद्यार्थ्यांच्या अंगाने केली आहे. यशवंतगड किल्ला असलेले नाटे खाडीच्या मुखाजवळ वसले असून साखरी नाटे हे मोठे मासेमारी बंदर त्याला लागून आहे. उपचारांसाठी येथील लोक राजापूर, रत्नागिरी आणि त्यापुढे कोल्हापूर, मिरज किंवा मुंबई गाठतात. शिक्षणाची वाटही बरीचशी त्याच दिशांनी जाते.

पूर्वपीठिका : मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. खाजगी क्षेत्रात चिपळूण तालुक्यातील सावर्डे-डेरवण येथे भ. क. ल. वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये उभे राहिले. सिंधुदुर्ग व अलिबाग येथील शासकीय महाविद्यालये २०२१-२२ मध्ये, तर रत्नागिरीचे २०२३ मध्ये, प्रत्येकी १०० जागांनी सुरू झाले. रत्नागिरीचे महाविद्यालय जिल्हा रुग्णालयाला जोडलेले आहे. नाट्याच्या मुलीला एम.बी.बी.एस. करताना सुट्टीत एसटीने घरी येता येईल, अशी सोय शासकीय शिक्षणात कोकणाला प्रथमच मिळाली. या दोन-तीन वर्षांचे महत्त्व अद्याप पुरेसे नोंदले गेलेले नाही.

विषयांची निवड : निर्णय बारावीनंतर होतो असे समजतात. वास्तविक तो अकरावीच्या प्रवेशअर्जावर होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तीन विषय घेतले तर जवळजवळ सगळ्या आरोग्यशाखा खुल्या राहतात. जीवशास्त्र सोडून केवळ गणित घेतले तर औषधनिर्माणशास्त्र वगळता बहुतेक दारे मिटतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अट सैल केली आणि बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यांनाही पात्र ठरवले. जात, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर आणि जातवैधता प्रमाणपत्रे याच दोन वर्षांत काढून ठेवावी लागतात. चांगले गुण असूनही वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने आरक्षित जागा हातची जाते.

नीट : एम.बी.बी.एस., बी.डी.एस., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. आणि बी.यू.एम.एस. यांचे प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेवर होतात. २०१३ मध्ये ती प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०२५ च्या स्वरूपानुसार १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास; त्यांत जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. वयाची वरची मर्यादा आता नाही. खुल्या गटाला बारावीत या विषयांत ५० टक्के, आरक्षित गटांना ४० टक्के गुण आवश्यक. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून भरतात.

ही परीक्षा राज्यमंडळाच्या व ग्रामीण विद्यार्थ्यांना कितपत न्याय देते याविषयी मतभेद आहेत. २०२४ मध्ये पेपरफुटीच्या आरोपांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेरपरीक्षेची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही.

राज्यातील ७०:३० प्रादेशिक कोटा (आपल्याच विभागातील विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा) सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्यात रत्नागिरीची गणना मुंबई-पुण्याबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त होत असे. त्यामुळे कोकणाला मागास भाग म्हणून त्याचा वेगळा लाभ कधीच नव्हता.

आयुष शाखा (बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., बी.यू.एम.एस.) : साडेचार वर्षे शिक्षण व एक वर्ष आंतरवासिता. बी.यू.एम.एस.साठी दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय असणे किंवा तशी चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक असते. खाडीकाठच्या उर्दू शिकलेल्या मुलामुलींनी ही वाट माहीत करून घ्यावी. होमिओपॅथीच्या पदवीधरांनी एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाही, हा वाद न्यायालयात गेला आहे.

दंतवैद्यक : चार वर्षे व एक वर्ष आंतरवासिता, जिल्ह्यात खेड येथे योगिता दंत महाविद्यालय.

शुश्रूषा : ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी होते. डेरवणला समर्थ नर्सिंग महाविद्यालय आहे. उपकेंद्रातली नर्सबाई ही गावाला सर्वांत आधी भेटणारी आरोग्यसेवक. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र धरले जाते. बी.ए.एम.एस. व बी.एस्सी. नर्सिंग पदवीधरांना सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानंतर तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही काम मिळू शकते. या पदाचा विचार गावात व्हायला हवा तितका होत नाही, हे संकलकाला खेदाने नोंदवावेसे वाटते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून काय घडू शकते याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. नागपूरला एम.बी.बी.एस. झाल्यावर १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, हृदय निकामी होऊन दगावत होती. त्यांनी रुग्णांजवळ बसून लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, त्या ‘लॅन्सेट’ला कळवल्या आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या रुग्णालयात बसून हे संशोधन झाले नसते. त्यासाठी दंश झालेला रुग्ण जेथे प्रथम येतो तेथेच डॉक्टर असावा लागला.

औषधनिर्माण : डी.फार्म. दोन वर्षे, बी.फार्म. चार वर्षे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची असतात. सावर्डे येथे गोविंदराव निकम औषधनिर्माण महाविद्यालय आहे.

संलग्न आरोग्यशाखा : फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण, डायलिसिस, नेत्रतपासणी, भूलतंत्र इत्यादी. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे दहा वर्ग ठरवले. लॅबच्या नावाखाली चालणारे काही खाजगी अभ्यासक्रम कोठेही नोंदणीस पात्र नसतात. त्यामुळे फी भरण्यापूर्वी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्था. १९९८) किंवा परावैद्यक परिषदेची मान्यता पाहावी. खाडीपलीकडे माडबन येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प नियोजित असल्याने किरणोत्साराची चर्चा येथे घरोघर होते. त्या विषयाचे वैद्यकीय शिक्षण मात्र एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एक वर्षाच्या पदविकेपर्यंत जाते. कर्करुग्णाला किती किरण द्यायचे याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ या वाटेने तयार होतो.

खर्च : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्य शासन शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देते. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. वसतिगृह व खानावळीचा खर्च घरावरच राहतो.

परदेशातील शिक्षण : तेथे जाण्यासाठीही नीटची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आवश्यक असून परतल्यावर परवाना परीक्षा द्यावी लागते.

पशुवैद्यक व मत्स्यविज्ञान : पशुवैद्यकाचा प्रवेश नीटवर. मत्स्यविज्ञानाच्या पदवीला नीट लागत नाही. त्याचे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून आहे.