फटफटीची ठिणगी आणि खारा वारा



मृगाचा पाऊस लागला की मालवणच्या बाजूला एक देखावा हमखास दिसतो. कुंभारमाठाच्या रस्त्याकडेला एखादी जुनी फटफटी उभी असते आणि तिचा मालक भिजत भिजत किकमागून किक मारीत असतो. भोवती चार माणसे जमतात. एक म्हणतो प्लग बदला, दुसरा म्हणतो बॅटरी गेली. वाटेने जाणारी एखादी आजी सहज बोलून जाते, "पावसात ती रुसताच!"

पण फटफटी काही रुसत नाही. तिच्यातल्या विजेची वाट कुठेतरी तुटलेली असते. ही वाट मुळात कशी घडत गेली आणि आपल्या खाऱ्या किनाऱ्यावर ती नेमकी कुठे तुटते, ते आज सांगणार आहे. बिघाड शोधायला इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जुन्या फटफटीतला विजेचा एकेक भाग म्हणजे पूर्वीच्या एकेका अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण समजली की त्या भागाचे काम समजते, आणि काम समजले की दोष हाती लागतो.

1885 साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची दुचाकी इंजिनावर चालविली. तिच्यात ठिणगी नव्हतीच. एक नळी बाहेरून ज्योतीने तापवून लाल करायची आणि तिच्या धगीने आतला वायू पेटवायचा, अशी ती रीत होती. रॉकेलची चिमणी वाऱ्यात घेऊन जाण्यातलाच हा प्रकार! शिवाय वायू नेमका कोणत्या क्षणी पेटावा, हेही चालविणाऱ्याच्या हाती नव्हते.

मग विजेकडे लक्ष गेले. 1831 साली फॅरडेने दाखवून दिले होते की, एका तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला, तर शेजारच्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते. दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे पहिल्याच्या कितीतरी पट ठेवले, तर बॅटरीच्या सहा व्होल्टांतून हजारो व्होल्ट मिळतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. यालाच आपण कॉइल म्हणतो. पण त्या काळच्या बॅटऱ्या दुबळ्या होत्या आणि रस्त्यात त्या भरून घेण्याची सोय नव्हती. बॅटरी संपली की गाडी ढकलीत नेणे आले.

यावर तोडगा निघाला तो मॅग्नेटोचा. इंजिनाबरोबरच लोहचुंबकाच्या योगाने वीज निर्माण करायची, बॅटरी नकोच. स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातील होनोल्ड याने 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि पुढे बरीच वर्षे फटफट्या त्यावर पळाल्या. मात्र त्याची एक खोड होती. इंजिन सावकाश फिरले की ठिणगी क्षीण. थंड गाडीला किक मारणाऱ्याच्या पायाची त्यात परीक्षाच असे. पुढे दिवे आणि भोंगा यांसाठी डायनामो व बॅटरी आलीच. तेव्हा ठिणगीसाठीही पुन्हा बॅटरी आणि कॉइल वापरणे सोयीचे झाले. अशी ही चक्राकार वाटचाल आहे.

आपल्या देशात 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. 1961 साली म्हैसूरला जावा गाडी बनू लागली. तिचेच नाव पुढे येझदी झाले आणि तो कारखाना 1996 साली बंद पडला. या जुन्या गाड्या बहुतांशी सहा व्होल्टांच्या होत्या. घाट उतरून त्या कोकणात आल्या आणि इथे त्यांनी मोठी कामगिरी केली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती 1998 च्या जानेवारीत. त्याआधी वाडीवाडीत रात्रीबेरात्री पोहोचायचे, तर डॉक्टराला काय आणि मासळीच्या व्यापाऱ्याला काय, फटफटीचाच आधार असे. गाडी पेटली नाही तर रोगी ताटकळे, मासळी नासे.

आता म्हैसूर हे समुद्रापासून दूर, साडेसातशे मीटरहून उंच पठारावरचे गाव. तिथे जन्मलेली गाडी देवबाग-तारकर्लीच्या वाळूत नांदायला आली, की तिच्या वाट्याला काय येते? भूगोलाच्या तासाला आपण मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवितो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. त्यांच्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि तारांच्या जोडांत जाऊन बसतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक आहे. तेच पाणी या जोडांतही सुटते. तांब्याची तार आतून हिरवी पडते, न घासलेले तांब्याचे भांडे कळकते तशी. लोखंडाला गंज चढतो. बाहेरून तार धडधाकट दिसते, पण आत विजेची वाट अरुंद झालेली असते.

याचा परिणाम किती होतो, ते गणिताने पाहू. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य घालावे. पुढचा दिवा 35 वॉटचा. सहा व्होल्टांवर त्याला सुमारे सहा अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे दिव्याचा रोध सुमारे एक ओहम. वाटेतल्या गंजक्या जोडाचा रोध अवघा पाव ओहम धरा. तेवढ्यानेच जवळजवळ पाचवा हिस्सा दाब जोडातच खर्च होतो, आणि दाब पाचव्या हिश्शाने घटला की उजेड निम्म्यावर येतो. बारा व्होल्टांच्या गाडीत तितक्याच वॉटच्या दिव्याचा रोध चौपट असतो, म्हणून तोच जोड सुमारे सतरावा हिस्साच खातो. सहा व्होल्टांच्या गाड्यांना खारा वारा जास्त का बाधला, याचे मर्म इथे आहे.

मलाही हे एकदम उमगले नव्हते. माझ्या जुन्या गाडीचा दिवा मिणमिणू लागला आणि किकला ती दाद देईना. मी प्लग बदलला, मग दिवा बदलला, शेवटी नवी बॅटरी आणली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. अखेर एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पान्हा हातात घेतलाच नाही. म्हणाला, "गुरुजी, पार्ट बदलूची घाई करू नका. वाट खंय तुटली हा, ती आधी बघूया." त्याने हातभर तार घेतली. बॅटरीचे जे टोक सांगाड्याला जोडलेले असते, तिथून ती तार थेट इंजिनाच्या उघड्या धातूला टेकविली आणि दिवा लख्ख झाला! सांगाड्यावर जिथे तार आवळली होती, तिथे रंगाखाली गंज धरला होता. मिस्त्रीने तो काचकागदाने घासून काढला, नट आवळला आणि वर व्हॅसलीन लावले. खर्च झाला एका चहाचा. मी मात्र आधी दोन महिन्यांचा पैसा घालवून बसलो होतो.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो, तो तुम्हालाही सांगतो. वीज बॅटरीतून निघते आणि तिला परत बॅटरीकडेच यायचे असते. जाण्याची वाट तारेतून, येण्याची वाट गाडीच्या सांगाड्यातून. आपण जाण्याची वाट तपासतो आणि येण्याची विसरतो.

म्हणून प्रथम चावी फिरवून दिवा व भोंगा पाहावा. दोन्ही मुके असतील तर फ्यूज, बॅटरीची टोके आणि सांगाड्याचा जोड पाहावा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून त्याने धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरीत घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे पाणी कितीही गोड असो, त्यात क्षार असतातच.

दिवा-भोंगा ठीक आहे, पण गाडी पेटत नाही, असे असेल तर ठिणगी पाहावी. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे आणि किक मारावी. ठिणगी निळी व चटचटणारी हवी. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर ठेवावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. आणि प्लग उघड्या हाताने धरू नये, विजेचा जबर झटका बसतो.

ठिणगी नसेल तर पॉइंट पाहावेत. फॅरडेने प्रवाह तोडून जे साधले, तेच काम हे चिमुकले पॉइंट दर फेऱ्याला करतात. ते काळे पडले असतील तर साफ करावेत. उघडतात तेव्हा त्यांच्यातले अंतर बहुतेक जुन्या गाड्यांत 0.35 ते 0.4 मिलिमीटर असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. कॉइलच्या गाडीत एक लहान दिवा पॉइंटची तार आणि सांगाडा यांच्यामध्ये जोडून, चावी लावून इंजिन हळू फिरवावे. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे आणि मिटले की विझला पाहिजे. विझतच नसेल तर पॉइंट मळलेले आहेत किंवा नीट मिटत नाहीत. लागतच नसेल तर कॉइलपर्यंतची वाट तुटली आहे, नाहीतर पॉइंट किंवा कंडेन्सर सांगाड्याला चिकटला आहे. पॉइंटपाशीच मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. एवढे झाले की चावी बंद करावी. नाहीतर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

या साऱ्याला साहित्य काय लागले? एक दिवा, हातभर तार आणि काचकागदाचा तुकडा. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि आता त्यांच्या पोटात संगणकासारखी यंत्रणा असते. तिचा दोष काढायला वेगळे उपकरण लागते. ती प्रगतीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या गाडीलाही तारा आहेत, जोड आहेत आणि आपला खारा वारा तिलाही सोडीत नाही.

जुने मिस्त्री एकेक करून काम थांबवीत आहेत. त्यांचे ज्ञान कुठे लिहिलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे, शाळेच्या आवारात एखादी जुनी फटफटी मागून आणा, गावातल्या मिस्त्रीला मानाने बोलवा आणि मुलांना विजेची जाण्याची व येण्याची वाट त्या गाडीवर बोट ठेवून दाखवा. पुस्तकातला बंद परिपथ मुलांना असा एकदा दिसला की ती जन्मात विसरणार नाहीत.

आणि तुमची गाडी येत्या मृगात अडली, तर खिशात हात घालण्यापूर्वी तार हातात घ्या. वाट कुठे तुटली, ते आधी पाहा.