प्रमाण आणि प्रमाणपत्र : आखाड्यापासून व्हिसाच्या खिडकीपर्यंत

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल. परदेशात राहून युद्धकला शिकायची, त्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा काढायचा, त्याची कागदपत्रं जमवायची. यात तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचं काय काम? काम आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आज तालुक्याच्या गावीसुद्धा कराटे, ज्युदो, तायक्वांदो शिकणारी मुलंमुली दिसतात. त्यातल्या एखादीला वाटलं, की ही विद्या जिथे जन्मली तिथे जाऊन वर्षभर गुरूपाशी शिकावी, तर तिला तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर द्यावी लागतात. तू कोण? तुला काय येतं आणि पुढे कोण शिकवणार? तुझा खर्च कोण करणार? या तिन्ही प्रश्नांना इतिहास आहे, आणि आपल्या भागात तो फार सरळ नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘प्रमाणपत्र’ या शब्दात ‘प्रमाण’ बसलेलं आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो, तो आप्त.

आता आखाड्यात या. तिथे प्रत्यक्षाचं राज्य. पैलवान कसा आहे, हे लाल मातीत उतरला की पाच मिनिटांत कळतं. दुसऱ्या गावी जायचं झालं तर उस्तादाचा निरोप पुरे : ‘आमचा पोरगा आहे, जोड द्या.’ हा निरोप म्हणजे आप्तवचन. पण ते तिथवरच चालतं, जिथवर उस्तादाला लोक ओळखतात. ओळखीच्या सीमेपलीकडे गेलं की प्रत्यक्ष संपतं, तोंडी शब्दही संपतो, आणि कागद सुरू होतो. अनोळखी माणसापर्यंत विश्वास पोहोचवायचं साधन म्हणजे कागद. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या भागात मात्र कागद विश्वास घेऊन आला नाही. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांना गोळा केलं, जंगोम दल उभं केलं आणि इंग्रजांशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. या तरुणांना शस्त्र कोणी शिकवलं, कसा सराव होत होता, याचं प्रशस्तिपत्र कुणी लिहून ठेवलं नाही. सरकारी दप्तरात त्यांची नोंद झाली ती बंडखोर म्हणून. म्हणजे बघा, लढण्याचं कौशल्य या मुलखात पहिल्यांदा कागदावर चढलं ते गुन्हा म्हणून.

पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने देशातल्या अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. हजेरी द्यायची आणि नेमल्या जागेबाहेर जायचं तर पास घ्यायचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायलाही परवाना आला. अशा काळातून आलेल्या समाजाला सरकारी कागदाची धास्ती वाटते, तर त्याला अडाणीपणा म्हणू नये. ती स्मृती आहे.

सीमा ओलांडायला मात्र एके काळी कागद फारसा लागत नसे. याचं उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे : वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले, जपान करून अमेरिकेत पोहोचले. हेतू उघड होता, युद्धविद्या शिकायची. कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस लष्करी अकादमीत त्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि पुढे ते गदर चळवळीत उतरले. आजच्या भाषेत सांगायचं तर हा युद्धकलेच्या शिक्षणासाठीचा दीर्घ मुक्कामच की! फक्त त्याला कुणी तसा शिक्का मारला नव्हता.

ते दार लवकरच बंद झालं. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना प्रवेश नाकारला. पहिल्या महायुद्धात जगभर पासपोर्ट सक्तीचे होत गेले, आणि १९२० साली भारतातही पासपोर्टचा कायदा झाला. युद्धापुरती म्हणून केलेली व्यवस्था युद्ध संपल्यावर कायमची झाली. खानखोज्यांचं पुढचं आयुष्य मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून गेलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात वारले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं, की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तोवर पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी समजली जाई. त्यानंतर लगेच १९६७ चा पासपोर्ट कायदा आला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने तो हक्क आणखी पक्का केला. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, पासपोर्टच्या खिडकीपाशी याचकासारखे उभे राहू नका. तिथे तुम्ही हक्काने उभे आहात.

पण हे पासपोर्टपुरतं. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या घरात जायची परवानगी, आणि तिथे घरधन्याचे नियम. युद्धकलेच्या बाबतीत नमुना म्हणून जपान घेऊ.

जपानच्या जुन्या युद्धविद्यांत गुरू शिष्याला परवाना देत असे. त्याला ‘मेनक्यो’ म्हणतात. शिकवणीचा एक टप्पा झाला की लेखी पत्र किंवा गुंडाळी मिळे. १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी कोडोकान स्थापन केलं आणि पुढच्याच वर्षी ‘दान’ ही श्रेणी देण्याची पद्धत ज्युदोत आणली. जगातल्या किती कलांनी ती नंतर उचलली, हे काळ्या पट्ट्यांकडे पाहिलं की कळतं. म्हणजे जपानी गुरूने आपलं आप्तवचन फार आधी कागदावर उतरवलं. आपल्या उस्तादाने ते फेट्यात, नारळात आणि पाठीवरच्या थापेत ठेवलं. विद्या कुणाची कमी नव्हती. पण थाप सही-शिक्क्यासारखी पाकिटात घालून पाठवता येत नाही!

ही देवाणघेवाण तशी जुनी आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली जिन्नोसुके सानो यांना आणि १९२९ साली शिन्झो ताकागाकी यांना ज्युदो शिकवायला शांतिनिकेतनात बोलावलं होतं. आपल्याकडून उलट दिशेने गेलं ते अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ ला वैद्य बंधूंनी ते स्थापन केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. यात एक धडा आहे. गावातला एकटा पैलवान कितीही चांगला असो, बर्लिनला पोहोचलं ते मंडळ. ज्याच्याकडे नाव होतं, संस्था होती, कागदावर आपली ओळख सांगायची सोय होती.

आता आजचा नियम बघू. जपानमध्ये ‘सांस्कृतिक कार्य’ नावाचा एक निवासी दर्जा आहे. जपानी कला किंवा विद्या जाणकाराच्या हाताखाली शिकायची असेल, तर तो मिळू शकतो. त्यात युद्धकलाही येतात. मुदत ३ महिने, ६ महिने, १ वर्ष किंवा ३ वर्षे. कमाई करायची मुभा त्यात नाही. बहुधा शिकवणारा गुरू किंवा संस्था तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात आधी अर्ज करते, पात्रतेचा दाखला मिळवते, आणि तो दाखवून इथे व्हिसा मागायचा. महाराष्ट्रासाठी जपानचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे.

कागद कोणते? काय शिकणार आणि किती काळ, याचं निवेदन. गुरूची माहिती, त्याची श्रेणी, त्याचा अनुभव. शिकणाऱ्याचा आजवरचा सराव, त्याचे पुरावे. आणि खर्चाची तजवीज. जे जपानीत नसेल त्याचं जपानी भाषांतर सोबत. बारकाईने पाहिलंत, तर गंमत लक्षात येईल. एवढी मोठी सरकारी यंत्रणा शेवटी गुरूपाशीच येऊन थांबते. तो कोण आहे आणि या शिष्याला घ्यायला तयार आहे का, हेच ती विचारते. आप्तवचन सुटत नाही मंडळी, त्याला फक्त पत्ता आणि सही लागते.

आता एटापल्ली किंवा भामरागडकडची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिची पहिली अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाआधीच येते. तू कोण? जन्म घरी झाला असेल, तर जन्माची नोंद नसू शकते. आश्रमशाळेच्या रजिस्टरवर एक तारीख, आधारवर दुसरी. आडनावाचं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हेचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे, २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी यांच्या पातळीवर आला. पासपोर्टसाठी १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आता जन्मदाखलाच लागतो. आधीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन असे पर्याय आहेत. पण पर्याय असले तरी ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एक करा, मग पासपोर्ट, मग बाकीचं. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाणच २०० किलोमीटर, पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय त्याहून पुढे नागपूरला. चुकलेल्या एका अक्षरासाठी किती फेऱ्या आणि किती मजुरी बुडते, याचा हिशोब मुंबईत बसून होत नाही.

दुसरी अडचण सरावाच्या पुराव्याची. इथे मोह असतो. पैसे टाकले की प्रमाणपत्र छापून देणारे भेटतात; क्रीडा आरक्षणासाठी बोगस प्रमाणपत्रं घेतल्याची प्रकरणं आपण वर्तमानपत्रांत वाचलेली आहेत. न्यायशास्त्राच्या भाषेत हा प्रमाणाभास. दिसतं प्रमाण, असत नाही. व्हिसाच्या अर्जात खोटा कागद निघाला तर अर्ज तर जातोच, पुढच्या अर्जांवरही संशय बसतो. आणि एका बोगस कागदामुळे त्याच गावातून येणारा पुढचा खरा कागदही कुणी सहज मानत नाही. नुकसान एकट्याचं होत नाही.

तिसरी अडचण खर्चाची. कमाईला मनाई आणि मुक्काम वर्षाचा, म्हणजे पैसे आधी दाखवावे लागणार. १९५२ साली हेलसिंकीला जाताना खाशाबा जाधवांचं अडलं होतं ते पैशांपाशीच. कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी दिली, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण दर वेळी कुणाचं तरी घर गहाण पडावं, ही काही व्यवस्था म्हणता येत नाही.

मग करायचं काय? आम्ही एकच गोष्ट सुचवू. आपल्या प्रत्येक तालमीत, प्रत्येक प्रशिक्षण वर्गात एक रजिस्टर ठेवा. कोण कधी आलं, कोणाकडे शिकलं, किती दिवस टिकलं, कोणत्या स्पर्धेत उतरलं, शिकवणाऱ्याची सही आणि तारीख. पाच वर्षांनी तेच पान एखाद्या मुलीच्या बाजूने बोलेल. तो कागद कुणी विकत घेतलेला नसेल आणि कुणावर आरोप ठेवायला लिहिलेला नसेल. १८५८ मध्ये या मुलखातल्या तरुणांची नोंद परक्यांनी केली, आपल्याला शिक्षा देण्यासाठी. आपल्या पोरांची नोंद आता आपणच करू, आणि खरी करू. तेवढं केलं, तर मुंबईतल्या खिडकीपलीकडे बसलेल्या अनोळखी माणसालाही आपला उस्ताद आप्त वाटू शकेल.

आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.