अँब्रिजचे श्रोते : एका ग्रामीण नभोमालिकेचा इतिहास

दुसरे महायुद्ध संपले तरी ब्रिटनमधील अन्नटंचाई संपली नाही. उलट मांसावरचे रेशनिंग पूर्णपणे उठायला १९५४ चा जुलै उजाडावा लागला, आणि या मधल्या काळात देशातल्या देशात अधिक दूध, धान्य आणि मांस कसे पिकवता येईल, हा तेथील सरकारपुढचा सर्वांत निकडीचा प्रश्न होऊन बसला. १९४७ च्या शेतीविषयक कायद्याने शेतमालाला हमीभाव दिला खरा, पण हमीभावाचा उपयोग व्हायचा तर लहान शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर, सुधारित बियाणे, रासायनिक खते आणि जनावरांच्या रोगांवरचे नवे उपाय स्वीकारणे आवश्यक होते. ही माहिती देणारी भाषणे बीबीसीवरून होत असत; परंतु दिवसभर राबून आलेला शेतकरी ती मन लावून ऐकत असेल, असा भरवसा ती देणाऱ्यांनाही नव्हता. या अडचणीतून जी नभोमालिका, म्हणजे रेडिओवरून रोज थोडीथोडी सांगितली जाणारी नाट्यमय कथा, जन्माला आली ती ‘द आर्चर्स’ या नावाने १९५१ पासून आजतागायत चालू असून, जगातील सर्वाधिक काळ चाललेली नाट्यमालिका म्हणून ती ओळखली जाते. मालिकेचा इतिहास पुष्कळदा तिच्या लेखकांच्या आणि नटांच्या अंगाने सांगितला जातो. तिचे आयुष्य ज्यांनी वाढवले त्या श्रोत्यांचा इतिहास मात्र त्याहून अधिक बोलका आहे.

मालिकेचे जनक गॉडफ्रे बेझली हे बर्मिंगहॅम येथील बीबीसीच्या मिडलंड्स केंद्रावर शेतीविषयक कार्यक्रमांचे निर्माते होते. १९४८ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमला शेतकरी आणि कृषी मंत्रालयाचे अधिकारी यांची एक बैठक बोलावली. रेडिओने शेतकऱ्यांसाठी नेमके काय करावे, यावर चर्चा रेंगाळत असताना लिंकनशरचे शेतकरी हेन्री बर्ट उठले आणि आपल्याला शेतीतला एक ‘डिक बार्टन’ हवा आहे, असे म्हणाले. ‘डिक बार्टन’ ही त्या काळची अतिशय लोकप्रिय गुप्तहेर मालिका होती. नायक रोज संध्याकाळी नव्या संकटात सापडायचा आणि त्याची सुटका कशी होते हे कळण्यासाठी लक्षावधी लोक दुसऱ्या दिवशी रेडिओपाशी बसायचे. पीक हाताशी येईपर्यंत रोज टांगणीला लागलेला शेतकऱ्याचा जीव पाहता, त्याच्या धंद्यातही अशी उत्कंठा भरलेली आहे, हे बेझलींना पुढे पटले. १९५० च्या मे महिन्याअखेरीस मिडलंड्सपुरते पाच भाग प्रायोगिक म्हणून प्रसारित झाले आणि १ जानेवारी १९५१ रोजी देशभर प्रक्षेपण सुरू झाले. जेफ्री वेब आणि एडवर्ड मेसन हे पहिले लेखक ‘डिक बार्टन’च्याच तालमीत तयार झालेले होते. सुरुवातीला सकाळी पावणेबाराला लागणारी ही मालिका त्याच वर्षीच्या ईस्टरच्या सुमारास संध्याकाळच्या पावणेसातच्या वेळेवर गेली. ती वेळ तोपर्यंत ‘डिक बार्टन’ची होती, आणि शेतकऱ्याने गुप्तहेराची जागा घेतली ती कायमचीच.

कथेचे गाव अँब्रिज. ते आणि त्याचा बोर्सेटशर परगणा दोन्ही काल्पनिक आहेत. तथापि मिडलंड्समधील वूस्टरशर आणि आसपासच्या मुलखाची माती, तेथील बोली आणि हवामान यांच्यावर ते इतके बेतलेले आहे की त्या भागातील काही खरी गावे ‘हेच ते अँब्रिज’ असा मान मिरवत आली आहेत. ब्रुकफील्ड या शेतावर राहणारे डॅन आणि डोरिस आर्चर, त्यांची जॅक, फिल आणि क्रिस्टीन ही मुले, शेजारचा गप्पिष्ट वॉल्टर गॅब्रिएल आणि सारा गाव जेथे जमतो तो ‘द बुल’ नावाचा पब, एवढ्या भांडवलावर मालिका उभी राहिली. शीर्षकसंगीत म्हणून आर्थर वुड या संगीतकाराची १९२४ मधील ‘बारविक ग्रीन’ ही नृत्यधून निवडण्यात आली, आणि तिच्या पहिल्या चार-सहा सुरांवर घरातले बोलणे थांबण्याची सवय ब्रिटनमधील कैक पिढ्यांना लागली.

माहिती कथेत विरघळवण्याची पद्धत साधी, पण कसबाची होती. नवे खत वापरावे, असे कोणी सांगत नसे. डॅन ते वापरायला बिचकायचा, मुलगा फिल हट्ट धरायचा, आणि दोघांच्या कुरबुरीत त्या खताचे गुणदोष, खर्च आणि वापरण्याची वेळ हे सगळे ऐकणाऱ्याच्या कानी पडायचे. कृषी मंत्रालयाशी सल्लामसलत १९७२ पर्यंत औपचारिकपणे चालू राहिली. सरकारी प्रचाराचे हे एक अंग होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण या प्रचाराला एक अट आपोआप चिकटली होती: ज्या शेतकऱ्याला शिकवायचे तो स्वतः जाणकार असल्यामुळे कथेतली शेती चुकून चालणार नव्हती. मेंढ्या कोणत्या आठवड्यात वितात, गवत वाळवायला किती दिवसांचे ऊन लागते, गाय आटली की धारांचे वेळापत्रक कसे बदलते, यांत गफलत झाली की पत्रे येत. श्रोत्याचा परीक्षक झाला तो येथे, आणि पुढच्या सत्तर वर्षांत त्याने ही जागा सोडली नाही.

हे खरेपण आवाजातही सांभाळावे लागे, कारण रेडिओवर दिसत काहीच नाही. स्टुडिओत ध्वनिपरिणाम करणाऱ्यांची हातोटी या बाबतीत प्रसिद्ध आहे. शेताच्या फाटकाच्या करकरीसाठी ते कपड्यांना इस्त्री करायचे घडीचे लोखंडी टेबल उघडतात आणि मिटतात. मेंढी विताना कोकरू बाहेर पडून गवतावर आदळते त्या क्षणासाठी दह्याचे भांडे आणि ओला टॉवेल पुरतो: दह्यात बोटे फिरवून चिकट आवाज काढायचा, आणि टॉवेल जमिनीवर टाकला की नवजात पिलाचा धप्पकन पडण्याचा आवाज होतो. ज्याने असे कोकरू स्वतःच्या हाताने ओढून काढले आहे त्याला तो आवाज पटतो, आणि ज्याने आयुष्यात मेंढी जवळून पाहिलेली नाही त्याला तो पहिल्यांदाच कळतो.

या दुसऱ्या प्रकारचा श्रोता लवकरच बहुसंख्य झाला. २२ सप्टेंबर १९५५ च्या भागाने ही गोष्ट साऱ्या देशाला दाखवून दिली. फिलची पत्नी ग्रेस, जिचे लग्न होऊन जेमतेम काही महिने झाले होते, ती त्या रात्री ‘ग्रे गेबल्स’ या हॉटेलातील मेजवानीतून हरवलेले कर्णभूषण शोधायला बाहेर गेली, तेथे तबेल्याला आग लागलेली तिने पाहिली, आत अडकलेल्या ‘मिडनाइट’ घोडीला सोडवायला ती धावली आणि जळता वासा अंगावर कोसळून दगावली. सुमारे २ कोटी लोकांनी हा भाग ऐकला असा अंदाज आहे. शेतीवर जगणारी कुटुंबे मोजकीच असलेल्या त्या देशात हे बहुतेक श्रोते शहरांत आणि कारखान्यांच्या वस्त्यांत राहणारे असणार, हे उघड आहे. बीबीसीच्या दूरध्वनी यंत्रणेवर फोनचा भडिमार झाला, पत्रांचे ढीग आले, फुलेही आली. त्याच रात्री ब्रिटनमधील पहिली व्यापारी दूरचित्रवाणी, आयटीव्ही, सुरू झाली होती, आणि तिच्या उद्‌घाटनावरून लोकांचे लक्ष उडवण्यासाठीच हा मृत्यू त्या तारखेला घडवला गेला, हे आता सर्वमान्य झाले आहे. डाव व्यापारी असला तरी शोक खोटा नव्हता. न पाहिलेल्या स्त्रीसाठी माणसे रडली, कारण साडेचार वर्षे ती रोज संध्याकाळी त्यांच्या घरात येत होती.

ही जवळीक घडवणारे सर्वांत मोठे साधन म्हणजे मालिकेतील काळ. अँब्रिजचे दिवस आणि श्रोत्याचे दिवस बरोबरीने सरकतात: बाहेर वसंत आला की तेथे मेंढ्या वितात, ऑगस्टात कापणी होते, मग फुलांचे आणि भाजीपाल्याचे गावप्रदर्शन भरते, आणि नाताळ तर नाताळच्याच दिवशी येतो. चित्रपटातले किंवा कादंबरीतले पात्र ज्या वयाचे असते त्याच वयाचे राहते. अँब्रिजमधले पात्र मात्र ऐकणाऱ्याबरोबर म्हातारे होते. नॉर्मन पेंटिंग या नटाने १९५० च्या प्रायोगिक भागांपासून २००९ च्या ऑक्टोबरात आपल्या निधनापर्यंत फिलची भूमिका केली, आणि शेवटचे ध्वनिमुद्रण त्यांनी मृत्यूच्या दोनच दिवस आधी केले होते. तरुणपणी बापाशी वाद घालणारा फिल, विधुर फिल, १९५७ मध्ये जिलशी दुसरे लग्न करणारा फिल, आणि अखेर मुलांमध्ये शेताची वाटणी करताना दमलेला वृद्ध फिल, हे सारे एकाच गळ्यातून आले. शाळकरी वयात त्याला ऐकू लागलेल्या माणसाला तो जाताना आजोबा होऊन गेला होता.

असा श्रोता गावाची स्मृती बाळगतो. कोणत्या साली कोणाचे कोणाशी बिनसले, कोणत्या शेतातली विहीर आटली, हे लेखक बदलले तरी बदलू नये म्हणून निर्मात्यांनी प्रत्येक पात्राच्या आणि शेताच्या नोंदी कार्डांवर ठेवण्याची पद्धत पाडली; तरीही या नोंदींपेक्षा श्रोत्यांची आठवण पुष्कळदा सरस ठरली आहे. ज्यांची नावे नेहमी घेतली जातात पण ज्यांचा आवाज कधीच ऐकू येत नाही, अशी ‘मुकी पात्रे’ ही त्यांची विशेष आवड. त्यांचे स्वभाव, बांधा, पोशाख, सगळे श्रोत्यांनीच मनात घडवलेले असते. १९९० मध्ये ‘आर्चर्स अ‍ॅडिक्ट्स’ हे अधिकृत श्रोतेमंडळ स्थापन झाले, आणि २०१६ पासून विद्यापीठांतील अभ्यासक, जे आधी निष्ठावंत श्रोते आहेत, अँब्रिजवर शोधनिबंध वाचण्यासाठी परिषदा भरवू लागले.

मंत्रालयाचा हात निघाल्यानंतर उपदेश मागे पडला. शेती मात्र राहिली. शेतीच्या कथानकासाठी वेगळा संपादक नेमण्याची प्रथा पडली, आणि शेतीत वादाचा जो विषय येई तो मालिकेतही येई. पॅट आणि टोनी आर्चर यांनी १९८४ मध्ये ब्रिज फार्म सेंद्रिय शेतीकडे वळवले, त्या वेळी सेंद्रिय शेती म्हणजे खुळचटपणा असेच बहुतेक शेतकरी समजत. ज्या कार्यक्रमाने रासायनिक खतांची भलावण करण्यासाठी जन्म घेतला, त्यानेच तीन दशकांनी हे कथानक रंगवावे, यात विसंगती पाहण्यापेक्षा प्रामाणिकपणा पाहणे अधिक योग्य होय. १९९९ मध्ये टॉमी आर्चरने जनुकीय बदल केलेले पीक उद्ध्वस्त केले आणि न्यायालयात तो सुटला. २००१ मध्ये ब्रिटनभर लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग पसरला, तेव्हा आधी मुद्रित झालेल्या भागांत नवे संवाद घालण्यात आले आणि ब्रुकफील्डच्या माणसांनी शेताची फाटके बंद करून स्वतःला कोंडून घेतले. खऱ्या शेतांवर लाखो जनावरे मारली जात असताना शहरी श्रोत्याला गोठ्यातली भीती कळली ती या भागांतून.

घराच्या भिंतीआडचे दुःखही असेच कळले. २०१३ पासून हेलन आर्चरचा जोडीदार रॉब टिचनर हळूहळू तिच्या मैत्रिणी, तिचे कपडे, तिचे पैसे, तिचा स्वतःवरचा विश्वास हिरावून घेत गेला. जोडीदारावर असा सततचा धाक बसवणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. एप्रिल २०१६ मध्ये हेलनने त्याच्यावर सुरी चालवली. सप्टेंबरमध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. कथेला रोज काही मिनिटेच मिळत असल्यामुळे हा छळ अडीच वर्षे पुरला, आणि ही संथ गतीच त्याचे खरे स्वरूप दाखवू शकली. दोन तासांच्या नाटकाला ते साधले नसते. श्रोत्यांनी याच काळात हेलनच्या नावाने निधी उभारून छळग्रस्त स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थेला १ लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली.

मालिकेच्या पहिल्या दशकातच महाराष्ट्रात ग्रामीण रेडिओचा एक मोठा प्रयोग झाला, आणि त्याची वाट वेगळी होती. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. गावातली पंधरा-वीस माणसे ठरलेल्या दिवशी रेडिओपाशी जमत, अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न व निर्णय पुणे केंद्राला लिहून कळवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि त्याच्या यशामुळे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. अँब्रिजचा श्रोता घरात एकटा ऐकत होता आणि त्याचे नाते पात्रांशी जुळले; पुण्याकडचा श्रोता चावडीवर दहाजणांत बसून ऐकत होता आणि त्याचे नाते केंद्राशी व शेजाऱ्याशी जुळले. बेझलींच्या वाटेचे अनुकरण पुढे इतरत्र झाले. त्यांतील सर्वांत यशस्वी म्हणजे १९९४ मध्ये बीबीसीने पश्तू आणि फारसी भाषांत सुरू केलेली ‘नवे घर, नवे जीवन’ ही अफगाण मालिका. यादवी चालू असलेल्या त्या देशात भूसुरुंगांपासून सावध राहण्याची आणि मुलांना लस टोचण्याची माहिती तिने अँब्रिजच्याच पद्धतीने दिली.

‘द आर्चर्स’च्या श्रोत्यांविषयी आज एवढे लिहिता येते, कारण त्यांनी पाठवलेल्या पत्रांची आणि कार्यक्रमाच्या नोंदींची जपणूक झाली. पुणे प्रयोगाचा अहवाल उपलब्ध आहे. पण अहवालात माणसांचा आवाज उतरत नाही. महाराष्ट्रातील ज्या घरांत श्रोतृमंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या, केंद्राकडून आलेली उत्तरे किंवा शेतीविषयक कार्यक्रम ऐकताना करून ठेवलेली टिपणे अजून शिल्लक असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावीत.